माझ्या तोंडून निसटलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुना काचेचा तंतू आहे. जाडीने तुमच्या डोक्यावरच्या केसाएवढा आणि लांबीला एके काळी एखाद्या बसएवढा. मला वेटोळं करून ठेवलं की मी तळहातावर मावतो. एकदा एका पाहुण्याने मला मासे धरायच्या गरीला बांधायची तंगूस समजून बोटाला गुंडाळलं होतं. मी तुटता तुटता वाचलो.

दिसायला मी असा साधा. पण मला आडवं कापून भिंगाखाली धरलं तर कळतं की मी भरीव नाही. माझ्या अंगात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोकळ बोगदे आहेत, पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना लागून. अगदी मधोमध मात्र भरीव काचेची एक बारीक वाट आहे. उजेड त्या वाटेने जातो. भोवतालचा रिकामेपणा त्याला बाहेर पडू देत नाही. पहारा देणारी भिंत नाही, दार नाही, नुसती पोकळी.

माझा जन्म नावड्याजवळचा. तळोज्याच्या कारखान्यांच्या रांगेत एक अरुंद, उंच इमारत आहे. तिथे विश्वजितदादा काम करायचे. त्यांनी उदबत्तीएवढ्या काचेच्या नळ्या हातमोजे घालून एकीशेजारी एक रचल्या आणि मधल्या जागी नळीऐवजी भरीव कांडी ठेवली. रचताना ते बोलत नसत, कारण तोंडाची वाफही काचेला चालत नाही. मग ती जुडी इमारतीच्या माथ्यावरच्या भट्टीत गेली. काच मऊ झाली, तिचा एक थेंब सुटून खाली निघाला, आणि त्या थेंबामागे लांबत लांबत मी आलो.

खाली मला चाकावर गुंडाळून घेतल्यावर विश्वजितदादांनी माझा एक तुकडा भिंगाखाली पाहिला. सगळे बोगदे उघडे होते.

"जमलं," ते म्हणाले. "आता याची तोंडं जपा. धूळ बसली की संपलं."

हे त्यांनी ज्यांना सांगितलं, ते सुधीर सर. मला घ्यायला ते स्वतः आले होते. महाप्याच्या एमआयडीसीत, एका जुन्या गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची छोटी कंपनी होती. डोळ्याच्या आतला पडदा थराथराने उलगडून दाखवणारं यंत्र ते तयार करत होते. त्यांच्या वडिलांची नजर हळूहळू गेली होती, आणि ती जातेय हे घरात कुणालाच वेळेवर कळलं नव्हतं. "कुणाचं तरी वेळेवर कळावं," असं ते अधूनमधून म्हणायचे. बाकी ते फार बोलत नसत.

त्यांच्याबरोबर काम करणारी इंजिनिअर म्हणजे स्नेहल भोईर. ती बोनकोड्याची. तिचं घर कोपरखैरण्याच्या सोसायट्यांच्या मधे अडकलेल्या जुन्या गावात होतं. ती चपळ, स्पष्ट बोलणारी होती आणि मला हात लावताना श्वास रोखायची.

ज्या खोलीत मला बसवलं, तिच्या खिडक्यांवर काळे जाड पडदे होते. बाहेर भर दुपार असायची, ट्रक हॉर्न वाजवत असायचे, टपरीवर चहा उकळत असायचा. आत मात्र हात पुढे केला तरी दिसत नसे. त्या अंधारात त्यांनी माझ्या तोंडाशी लेसर लावला आणि सुरू केला.

मित्रांनो, त्या लेसरचा उजेड माणसाला दिसत नाही. तो लाल रंगाच्याही पलीकडचा असतो. तुमच्या डोळ्यासमोरून गेला तरी तुम्हाला अंधारच दिसेल. असा उजेड माझ्या तोंडात शिरला. साधी काच उजेडाला आला तसा जाऊ देते. माझी वाट मात्र फार अरुंद. एवढा जोरकस उजेड तिच्यात दाटला की काच क्षणभर बदलते, आणि बदललेली काच त्या उजेडालाही बदलून टाकते. तो फुटतो, पसरतो आणि त्यातून नवे रंग सुटतात.

त्या दिवशी माझ्या वेटोळ्याचा पहिला भाग काळाच राहिला. पुढे एक मंद लाल रेघ उमटली. लालाची नारिंगी झाली, मग पिवळट हिरवी. टोकाशी मी निळसर पांढरा पेटलो होतो. समोरच्या कागदावर पांढऱ्या उजेडाचा ठिपका पडला. खोलीत कुठेही दिवा नव्हता.

स्नेहल कुजबुजली, "सर, आत काहीच जात नाहीये असं वाटतं. आणि बाहेर हे येतंय."

"जातंय," सर म्हणाले. "आपल्याला दिसत नाही एवढंच."

माझी कामाची वर्षं सुरू झाली. माझा पांढरा उजेड अगदी मंद करून माणसाच्या डोळ्यात सोडत. तो पडद्यावर आपटून मागे येई आणि बाजूच्या स्क्रीनवर डोळ्याच्या तळाचं चित्र उभं राही. मी नुसता उजेड पाठवत होतो. परत आलेला उजेड दुसऱ्या तंतूकडे जाई, मला तो कधीच भेटला नाही. किती डोळ्यांच्या तळाशी मी गेलो असेन, पण एकही तळ मी पाहिलेला नाही. चित्र दिसलं की लोक एकदम गप्प होत. एवढंच मला कळायचं, बाकीचं त्यांच्या बोलण्यातून.

एकदा स्नेहलने आपल्या आईला आणलं. गोजराबाईंनी भीतभीत हनुवटी टेकवली. चित्र आलं आणि सर पुढे वाकले. पडद्याच्या थराखाली पाण्याचा एक फुगा होता. बाईंना काहीच त्रास नव्हता. रेघा जरा वाकड्या दिसतात, एवढंच त्या म्हणत होत्या. सरांनी त्यांना त्याच दिवशी इस्पितळात पाठवलं. उपचार वेळेवर झाले आणि नजर वाचली.

बऱ्या झाल्यावर, मी ज्या डबीत वेटोळं होऊन बसलो होतो ती बघायला त्या आल्या. बोट लावू नका म्हटलं तरी त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

"यो तं केसाएवरा हाय गो," त्या लेकीला म्हणाल्या. "आन् माजे डोल्याचे पार मांगं जाऊन आला!"

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. त्यानंतर वाईट दिवस आले.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचा एक गट यंत्र बघायला येणार होता. ते पसंत पडलं तर यंत्र गावोगावी जाणार होतं. तारीख जवळ आली आणि माझ्या उजेडाचा निळा भाग अंधुक पडायला लागला. सर दिवस दिवस खोलीत बसून मला नीट करत होते. माझ्या तोंडाच्या जागेवर एक काळं धातूचं झाकण असायचं. ते उचललं की त्याखालचं बटण सुटून लेसर आपोआप बंद पडायचा. पण झाकण उघडून लेसर चालू ठेवल्याशिवाय सरांना काम करता येईना. म्हणून त्यांनी ते बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं. लेसरपासून डोळे वाचवायला घालायचा जाड हिरवट चष्माही खिळ्याला अडकवला.

"सर, झाकण उघडं ठेवून नको ना," स्नेहल म्हणाली. "निदान चष्मा तरी घाला."

"चष्म्यातून रंग कळत नाहीत गं. दोन मिनिटांचं काम आहे. तू टेन्शन घेऊ नकोस."

ते काम संपलं नाही. रोज तेच चालू राहिलं.

अशाच एका दुपारी हवेतला एक कण माझ्या तोंडावर येऊन बसला. उजेड पडताच तो जळाला आणि माझ्या काचेवर काळा डाग उमटला. माझ्यात शिरायचा उजेड आता पुरता शिरेना. उरलेला त्या डागावर आपटून बाजूला उडाला. टेबलाच्या काठावरून, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवरून, तो खोलीभर आडवा गेला आणि समोरच्या खिडकीच्या पडद्यावर पडला. खोली अंधारीच राहिली. कुणालाच काही दिसलं नाही.

टोकाचा उजेड कमी झालेला पाहून सरांना वाटलं, लेसरच कमी पडतोय. त्यांनी तो वाढवला. निसटणारा उजेडही वाढला.

मला हे सगळं कळत होतं, पण मला बोलता येत नव्हतं. मला फक्त प्रकाशता येतं, आणि तेही दुसऱ्या टोकाने.

मग त्या खोलीत विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. सकाळी दार उघडलं की कापड करपल्याचा वास यायचा. टेबलावरच्या सगळ्या वायरी नीट असायच्या. काळ्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. कुणी पाडलं ते समजेना. त्यातून उन्हाची एक तार आत आली आणि सरांच्या खुर्चीच्या पाठीवर टेकली. स्नेहलने भोकावर काळी पट्टी लावली. काही दिवसांनी त्या पट्टीलाही तिथेच भोक पडलं.

खिडकीच्या चौकटीवर एक पाल राहायची. एके दिवशी ती भिंतीवर गोल गोल फिरताना दिसली. जरा पुढे जायची, वळायची, पुन्हा त्याच जागी यायची. स्नेहलने मोबाईलचा टॉर्च मारला. पालीचा एक डोळा शिजवलेल्या मासळीच्या डोळ्यासारखा पांढरा झाला होता.

"सर, हिच्या डोळ्याला काय झालं?"

"म्हातारी झाली असेल," सर वर न बघताच म्हणाले.

त्याच आठवड्यात सुनीतीताई आल्या. त्या सरांच्या पत्नी. वाशीच्या एका शाळेत शिकवत. सर जेवायला घरी येईनात म्हणून त्या डबा घेऊन आल्या होत्या. सरांनी दिवा लावला आणि दारात उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं. मग त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. हात काढला. पुन्हा झाकला.

"असं काय बघताय?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. आज टिकली लावली नाहीस?"

ताईंनी कपाळाला बोट लावलं. "आहे की! ही काय. जागरणं फार झाली तुमची. जेवून घ्या आधी."

सर हसले आणि डबा उघडायला बसले. पण ताई गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पुन्हा डावा डोळा झाकला आणि ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मित्रांनो, डोळ्यात जिथे पडदा जळतो तिथे माणसाला नेहमी काळं भोक दिसतंच असं नाही. आसपासचं चित्र ओढून मेंदू ती जागा भरून टाकतो. कपाळाच्या जागी नुसतं कपाळ दिसतं. घड्याळावर नुसतं पांढरं दिसतं, आकडे नसलेलं. म्हणून माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. फक्त जगातल्या काही गोष्टी नाहीशा झाल्या आहेत.

सरांनी हे कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर येऊन गेले की बघू, असं त्यांनी ठरवलं असावं. ते रोज त्याच खुर्चीत येऊन बसत राहिले. उजवा डोळा साथ देईना म्हणून मान वळवून डावा डोळा माझ्या दिशेने धरायला लागले.

डॉक्टर येण्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. सर तोंड धुवायला बाहेर गेले होते. लेसर चालूच होता. स्नेहल चष्मा घालून आत आली आणि पडद्याच्या भोकापाशी उभी राहिली. ती भोकाकडे बघत होती, मग पालीच्या रिकाम्या चौकटीकडे, मग हळूहळू माझ्याकडे वळली. एकदम तिने खण उघडला आणि एक छोटं कार्ड काढलं. न दिसणारा उजेड पडला की ते कार्ड हिरवं चमकतं. कार्ड लांब धरून, खाली वाकून, ती अंधारातून सरकत निघाली. आंधळा माणूस हाताने भिंत चाचपतो तशी ती हवा चाचपत होती.

पडद्यापाशी कार्डावर हिरवा ठिपका पेटला. ती एक पाऊल पुढे आली. ठिपका कार्डावरच राहिला. आणखी पुढे. ठिपका तिच्याबरोबर चालत होता. ती सरांच्या रिकाम्या खुर्चीपाशी पोचली आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे आला असता तिथे तिने कार्ड धरलं.

ठिपका तिथे होता. इतका तेजस्वी की तिची बोटं हिरवी दिसली.

त्याच वेळी दार उघडलं. टॉवेलने तोंड पुसत सर आत आले आणि सवयीने खुर्चीकडे वळले.

"सर, बसू नका!" ती ओरडली. "थांबा तिथेच! डोळे मिटा!"

तिने एका हाताने कार्ड तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. ठिपका विझला. लेसरच्या पंख्याचा आवाज खाली खाली जात थांबला.

दिवा लागल्यावर स्नेहलने त्यांना पडद्याचं भोक दाखवलं. मग तिथून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून माझ्या तोंडापर्यंत, तिने हवेत बोटाने सरळ रेघ ओढली. सर त्या रेघेकडे बघत होते.

"इथे माझा डोळा असतो," ते हळूच म्हणाले.

"सर, तुम्हाला काही झालंय का? खरं सांगा."

त्यांनी डावा डोळा झाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मला तुझे केस दिसतात, स्नेहल. कान दिसतात. मधे काही नाही. नुसती कातडी. डोळे नाहीत, नाक नाही." त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. "गेला आठवडाभर हा डोळा झाकला की सुनीती अशीच दिसते. मला तिची भीती वाटायला लागली होती गं. माझ्या घरात, माझ्या बायकोची."

 स्नेहलने सुनीतीताईंना फोन लावला. शाळेतून त्या तशाच रिक्षात बसून आल्या. येईपर्यंत स्नेहलने माझ्या तोंडाचा जळका भाग कापून टाकला, मला नव्याने बसवलं, झाकण लावलं आणि बटणावरची पट्टी उपटून काढली.

"इस्पितळात जायचंच आहे," ती म्हणाली. "पण आधी आपण बघू. आपलं यंत्र आहे."

सरांनी हनुवटी टेकवली. आयुष्यात एवढा मंद, एवढा सांभाळून मी कधी प्रकाशलो नसेन. स्क्रीनवर उजव्या डोळ्याचा तळ आला. पडद्याच्या मधोमध, नजर जिथे सगळ्यात तीक्ष्ण असते तिथे, एक खड्डा होता. कडा भाजल्यासारख्या वर आलेल्या. मग डावा डोळा. तिथे मध्याला लागून एक लहान, ताजा डाग होता. सर आणखी एक दुपार त्या खुर्चीत बसले असते, तर तो मधोमध गेला असता.

सुनीतीताईंनी चित्र पाहिलं. त्या रडल्या नाहीत. सरांच्या समोर येऊन बसल्या, त्यांचा हात घेतला आणि आपल्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ, डोळे, नाक, ओठ.

"आहे ना सगळं?" त्या म्हणाल्या.

 सरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सगळ्यांना वाटत होतं, सर बैठक पुढे ढकलतील. त्यांनी ती घेतली. जुनी सुंदर चित्रं बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या दोन डोळ्यांची चित्रं लावली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. झाकण, चिकटपट्टी, खिळ्याला अडकवलेला चष्मा.  मग एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यंत्र तयार आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "एवढी साफ चित्रं ते देतं. पण झाकण उघडं असताना ते चालू राहू शकतं, म्हणजे ते तयार नाही."

काम जवळजवळ वर्षभर लांबलं. नव्या यंत्राचं झाकण फसवता येत नाही. ते उघडलं की लेसर मरतो, मग कुणी काहीही करो. ते यंत्र आता गावोगावी जातं. पण त्यात मी नाही. तोंडं साफ करताना कापून कापून मी आखूड झालो होतो, म्हणून माझ्या जागी नवा तंतू आला. मला एका खणात टाकलं आणि माझी तोंडं बंद करायला सगळे विसरले. खाडीकडून येणारा दमट वारा माझ्या बोगद्यांत शिरला. काच आतून धुरकटली. आता माझ्या तोंडाशी कितीही जोरकस उजेड लावला तरी दुसऱ्या टोकाला रंग येणार नाही. पुढे एकदा खण आवरताना मी स्नेहलला सापडलो. तिने मला त्या काळ्या पडद्यांच्या खोलीच्या दाराशी टांगलं. अजून मी तिथेच आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. ज्या वस्तू तुमच्यासाठी राबतात त्यांची तोंडं स्वच्छ ठेवा, काम संपलं तरी त्यांना उघडं टाकू नका. कुणी झाकण लावलं असेल तर त्यामागे विचार असतो, ते घाईत काढू नका. आणि तुमच्या नजरेतून एखादी लहानशी गोष्ट जरी नाहीशी झाली, एखादं अक्षर, एखादा आकडा, ओळखीच्या चेहऱ्याचा एखादा भाग, तर ते मनात ठेवू नका. त्याच दिवशी सांगा. डोळ्याचा जळलेला पडदा पुन्हा येत नाही. तो मी पाहिलेला नाही, पण तो पाहून गप्प झालेली माणसं मी ऐकली आहेत.

सुधीर सर अजून कामावर येतात. उजव्या डोळ्याच्या नजरेचा मधला भाग गेल्यामुळे आणि डाव्यातही मध्यालगत डाग राहिल्यामुळे समोरच्याशी बोलताना ते मान जरा वळवतात आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतात. तसं केलं की त्यांना अख्खा चेहरा दिसतो. कामावर नव्याने आलेल्यांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि सर त्याच्याकडेच बघताहेत. ते दचकून वळतात.

मागे कुणी नसतं.

मग सर त्यांच्या हातात तो हिरवट चष्मा देतात. का घालायचा, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही.